कपाटातला ऑडिओ इंटरफेस आणि सात मेगाहर्ट्झ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा किंवा वाद्याचा आवाज संगणकात नेणारा डबा, कसा निवडावा, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. गायक, वादक, पॉडकास्ट करणारी मुले यांचा त्यात विचार होता. राहून गेलेला एक वर्ग मी जोडते: हौशी रेडिओवाले, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संपर्क साधणारे हॅम.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे, आता निवृत्त आहे. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे जुना आहे. आमच्या मिरजेत लॉकडाऊनच्या काळात सतारीच्या आणि गाण्याच्या ऑनलाइन शिकवण्यांसाठी अनेकांनी दोन इनपुटचे इंटरफेस घेतले. शिकवण्या पुन्हा समोरासमोर सुरू झाल्या आणि यातले बरेच डबे आता कपाटात पडून आहेत. दुसरीकडे, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी हुशार मुले मला सांगतात, ‘बाई, रेडिओ महाग असतो, आम्हाला कुठला परवडायला!’ त्यांच्याच घरात किंवा शेजारच्या घरात चांगल्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरचा सर्वांत अवघड भाग धूळ खात असतो. हे पत्र लिहिण्याचे कारण तेच.

सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओत, म्हणजे एसडीआरमध्ये, स्टेशन निवडणे, गाळणे आणि आवाज बाहेर काढणे ही कामे संगणक करतो. पण हॅम वापरतात त्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला सिग्नल ऑडिओ इंटरफेसमध्ये थेट घालता येत नाही, कारण इंटरफेसची पोच काही दशहजार हर्ट्झपर्यंतच असते. म्हणून मध्ये एक छोटा बोर्ड लागतो. त्यावरचा ऑसिलेटर सिग्नलच्या जवळपासची वारंवारता तयार करतो आणि दोहोंमधला फरक तेवढा पुढे जातो. सॉफ्टरॉक नावाच्या प्रसिद्ध किटमध्ये २८.२२४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असे. त्याला चारने भागले की ७.०५६ मेगाहर्ट्झ मिळतात. ७.०६६ वर कोणी बोलत असेल तर तो १० किलोहर्ट्झवर येतो, आणि ते ऑडिओ इंटरफेसला सहज पेलते.

इथे एक अडचण आहे आणि ती आमच्या सतारमेकर गल्लीतल्या कोणालाही लगेच समजेल. दोन तारा जवळजवळ सुरात आल्या की आवाज हेलकावे खातो. हेलकाव्यांवरून फरक किती, ते कळते. पण कोणती तार चढी आणि कोणती उतरी, ते नुसत्या हेलकाव्यांवरून सांगता येत नाही. रेडिओतही ७.०६६ आणि ७.०४६ ही दोन्ही स्टेशने १० किलोहर्ट्झवरच येऊन एकमेकांवर बसतात. त्यामुळे बोर्ड एकाच सिग्नलची दोन रूपे देतो, एकमेकांपासून पाव चक्र सरकलेली. त्यांना आय आणि क्यू म्हणतात. यातले पुढे कोण आहे, यावरून संगणक वरचे स्टेशन आणि खालचे स्टेशन वेगळे करतो. आय डाव्या चॅनेलमध्ये जातो, क्यू उजव्या. स्टिरिओ इनपुटची खरी गरज ती ही. अमेरिकेतल्या जेराल्ड यंगब्लड यांनी २००२ साली क्यूईएक्स या हौशी रेडिओच्या तांत्रिक नियतकालिकात ही पद्धत सविस्तर मांडली, तीही बाजारात मिळणाऱ्या साऊंड कार्डाच्या आधाराने.

आपल्या लेखातल्या निवडीच्या कसोट्या गाणाऱ्यांसाठी ठीक आहेत. रेडिओसाठी मात्र पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ध्वनिमुद्रणाचे दोन खरे, स्वतंत्र चॅनेल आहेत का? आजच्या बहुतेक लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असते. त्यात ऐकण्याचे दोन मार्ग आणि माइकचा एकच. स्वस्तातल्या यूएसबी साऊंड कार्डांतही माइकचे इनपुट बहुधा एकेरीच असते, स्टिरिओ पिन त्यात बसली तरी. खोक्यावर ठळक अक्षरात ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ छापलेले असते, पण तो आकडा कधी कधी फक्त ऐकण्याचा असतो आणि मुद्रण ४८ वरच थांबते. हा फरक खोक्यावर स्पष्ट छापलेला असावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. विद्यार्थ्याला दुकानात दुसरा कोण सांगणार?

या आकड्याचा रेडिओशी थेट संबंध आहे. दोन चॅनेल असतील तर मुद्रणाचा जो वेग, म्हणजे दर सेकंदाला सिग्नलचे जितके नमुने घेतले जातात, तेवढा पट्टा एका वेळी पडद्यावर दिसतो. ४८ किलोहर्ट्झला ७.०५६ च्या दोन्ही बाजूंना २४-२४. ९६ किलोहर्ट्झचा इंटरफेस असेल तर ७.००८ पासून ७.१०४ पर्यंत सगळे समोर, अगदी कडेचे थोडे सोडून. मोर्सच्या बारीक रेघा, बोलणाऱ्यांचे रुंद पट्टे, ७.०७४ जवळ दर पंधरा सेकंदांनी भरणारी एफटी८ ची, म्हणजे संगणकाने पाठवलेल्या छोट्या संदेशांची, गर्दी. विद्यार्थ्यांना फूरिए रूपांतर, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढण्याचे गणित, शिकवताना मी फळ्यावर जे समजावू शकत नसे, ते या पडद्यावर त्यांना आपोआप कळते.

कोणी म्हणेल, टीव्हीसाठी बनलेले यूएसबी डोंगल स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला? डोंगलचा पट्टा दोन-अडीच मेगाहर्ट्झ रुंद असतो, हे खरे. पण त्यात ८ बिटच आहेत. प्रत्येक बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले तर सर्वांत जोरदार आणि सर्वांत मंद सिग्नलमधला पेलता येणारा फरक ५० च्या आसपास. संध्याकाळी ७.२ मेगाहर्ट्झच्या वर मोठाली प्रसारण केंद्रे गर्जत असतात, त्यांच्यापुढे डोंगल गुदमरते आणि शेजारचा अशक्त हॅम बुडून जातो. चांगला ऑडिओ इंटरफेस प्रत्यक्षात १०० डेसिबलपर्यंत निभावून नेतो. गाण्यातला मंद श्वास आणि तारसप्तकातली तान दोन्ही नीट टिपायला जे बनवले, ते रेडिओला याच कारणाने उपयोगी पडते.

जोडताना काळजी घ्यायची ती अशी. सिग्नल लाइन इनपुटला द्यावा, फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज, बंद ठेवावी, दोन्ही चॅनेलचे गेन सारखे लावावेत. संगणकातली ‘आवाज सुधारणा’, प्रतिध्वनी-निवारण वगैरे सगळे बंद करावे. बोलणे स्वच्छ करण्यासाठी बनवलेल्या या सोयींना मोर्सचा स्थिर सूर म्हणजे गोंगाट वाटतो. मग दोन चॅनेलचा समतोल साधायचा. त्यांच्यात एक टक्का जरी कमीजास्त असले, तर ७.०६६ च्या स्टेशनचे भूत, म्हणजे खोटी प्रतिमा, ७.०४६ वर दिसते, मूळ सिग्नलपेक्षा ४६ डेसिबल खाली. पाव चक्रात एक अंश चूक असेल तर ४१ डेसिबल खाली. सॉफ्टवेअरमध्ये हे दुरुस्त करायची सोय असते. काही यूएसबी उपकरणांत डावा-उजवा एका नमुन्याने पुढेमागे होतात, ही खोड सहज लक्षात येत नाही. ४८ किलोहर्ट्झला एवढी सरक १० किलोहर्ट्झवर ७५ अंशांची होते. भूत कितीही केले तरी जात नसेल, तर आधी हे तपासावे. पडद्याच्या मधोमध एक उंच सुळका राहतोच. तो ऑसिलेटरच्या ठिकाणचा आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीचा. लॅपटॉपचा चार्जर काढला की तो बराच खाली बसतो.

हे सगळे ऐकण्यापुरते. हीच वाट उलटी वापरून प्रक्षेपणही करता येते, पण त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना हवाच. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही तो मिळू शकतो, हे फार पालकांना माहीत नाही. प्रक्षेपण करणाऱ्याने संगणकाचे सूचनांचे आवाज दुसऱ्या स्पीकरकडे वळवावेत, नाहीतर मेल आल्याची टिंग थेट हवेत जाते.

माझी आपल्याला विनंती आहे की, यापुढे अशा उपकरणांची परीक्षणे छापताना मुद्रणाचे चॅनेल किती आणि मुद्रणाचा वेग किती, या दोन गोष्टी प्रत्येक वेळी लिहाव्यात. जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांनाही सांगणे आहे की, प्रकल्पासाठी महागडा रेडिओ मागवण्याआधी संगीत विभागाचे कपाट उघडून पाहावे. बोर्डाला लागणारे भाग, म्हणजे फ्लिप-फ्लॉप, ॲनालॉग स्विच आणि कमी गोंगाटाचा ऑप-ॲम्प, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. अँटेनाला सुमारे २० मीटर साधी तार, मधोमध तोडलेली, गच्चीवरून ताणलेली, पुरते. सकाळी सात ते नऊ या वेळेत ७ मेगाहर्ट्झवर देशभरातले हॅम एकमेकांची विचारपूस करत असतात. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात निरोप पोचवणारी हीच बिरादरी.

बोर्ड जोडण्यासाठी कोणत्या महाविद्यालयाला मदत हवी असेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मी स्वतः येईन, फक्त मुलांनी इंटरफेस आणि त्याची यूएसबी वायर बरोबर ठेवावी.

आपली,
एक हौशी रेडिओधारक, मिरज