पुण्याच्या ताईंना, राजापूरच्या ओटीवरून

प्रिय फिजिओथेरपिस्ट ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा तिन्हीसांजेला सासूबाई वॉकर सोडून, नुसत्या काठीवर तुळशीपर्यंत गेल्या. दिवा लावला आणि म्हणाल्या, "पुण्याच्या पोरीला कळव गो." म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोरच आभार मानावेसे वाटले.

श्रावणात खळ्यातल्या शेवाळावर पाय घसरून आईंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण घरी सोडताना हातात मिळाला तो व्यायामाच्या चित्रांचा एक कागद. आमची वाडी राजापूरपासून आत, रस्ता खड्ड्यांचा, आईंचं वय 76. रोज तालुक्याला नेणार कसं?

पहिल्या व्हिडिओ कॉलला तुम्ही व्यायाम सांगितलाच नाहीत. "आधी मला घर दाखवा," म्हणालात. मी फोन घेऊन ओटी, माजघर, न्हाणी अशी फिरले. न्हाणीच्या दारातलं पायपुसणं तुम्ही तिथल्या तिथे उचलायला लावलंत. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, कारण बसताना गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. जपाचा पाट गेला, खुर्ची आली. आई कुठे बसतात, कुठे अंघोळ करतात, हे तोवर आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

रेंज फक्त ओटीवर. तांदळाच्या डब्याला फोन टेकवून, आईंची पाठ आणि गुडघा बाजूने दिसेल असा ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलंत. आणि बोलायचात ते आईंशी, माझ्याशी नाही. त्यांना ऐकू येईपर्यंत तेच वाक्य तीनदा, न कंटाळता.

तिसऱ्या आठवड्यात एका पोटरीला सूज दिसली. तुम्ही शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायला लावल्यात. साडेतीन सेंटिमीटरचा फरक निघाला. "हे फोनवर बघायचं काम नाही. चालवू नका, चोळू नका, आत्ता निघा." रत्नागिरीला डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली, शिरेत गुठळी सापडली, वेळेत औषध सुरू झालं. ताई, त्या एका वाक्यासाठी आमचं घर तुमचं जन्मभर ऋणी आहे.

खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. या फेरीला आईंना सुरुवातीला 48 सेकंद लागले होते, गेल्या गुरुवारी 17. बारा सेकंदांच्या आत आलं पाहिजे, असं आता त्याच मला ऐकवतात. येत्या गुरुवारी चारला फोन ओटीवर लावून ठेवते.

तुमची,
आईंची सून