फुल फेस मास्क घेताना आधी हवेचा हिशेब करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘फुल फेस मास्क’, म्हणजे पाण्यात वापरायचा पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, या एकाच नावाने बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ही गल्लत जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र. मालवण-तारकर्लीला येणारे हौशी पर्यटक आणि नदी-धरणांत शोधकार्य करणारी पथके, दोघांनीही हे वाचावे.

पहिली वस्तू स्नॉर्केलिंगची. डोक्यावर नळी, किंमत काही हजार रुपये. हा मास्क पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत खाली पाहण्यासाठी असतो, बुडी मारण्यासाठी नव्हे. बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणजे कानांतला दाब मोकळा करता येत नाही. खाली गेल्यावर आतली हवा आकसते आणि मास्क चेहऱ्यावर आवळला जातो. या मास्कला अर्ध्या लिटरचे छोटे सिलिंडर जोडायचे अडॅप्टरही ऑनलाइन मिळतात. त्याचा हिशेब असा: अर्धा लिटर, २०० बार (बार हे दाबाचे एकक) म्हणजे १०० लिटर हवा. शांतपणे श्वास घेणाऱ्याला मिनिटाला २० लिटर लागतात. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. अडीच मिनिटांत सिलिंडर रिकामे! घाबरलेला माणूस त्याच्याही आधी ते संपवतो.

दुसरी वस्तू खरी डायव्हिंगची. तिच्यात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती देणारे साधन, मास्कलाच बसवलेला असतो आणि आत नाक-तोंडापुरता आणखी एक छोटा रबरी मास्क असतो. या छोट्या मास्कमुळे सोडलेली हवा मोठ्या पोकळीत साचत नाही आणि काचेवर वाफही धरत नाही. काच सतत धुरकट होत असेल तर हा आतला मास्क चेहऱ्याला नीट बसलेला नाही, असे समजावे. नाकाखाली दोन मऊ गुटके असतात. मास्क वर दाबला की ते नाकपुड्या बंद करतात आणि कान मोकळे करता येतात. हे गुटके प्रत्येकाच्या नाकाप्रमाणे जमिनीवरच बसवून घ्यावे लागतात.

दुकानात मास्क हातात घेऊन पसंत करू नका, घालून पाहा. आधी हनुवटी आत, मग पट्टे डोक्यामागे. खालचे पट्टे आधी ओढायचे, मग कानशिलाजवळचे, वरचा शेवटी आणि हलकाच. वरचा जास्त आवळला की मास्क वर सरकतो, हनुवटीखालून पाणी येते आणि वर डोके दुखते ते वेगळेच. मग हवेची वाट बंद करून श्वास आत ओढा: मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. दाढीवर असा मास्क सहसा नीट बसत नाही. कपाळावरचे चार केस आत अडकले तरी गळती होते.

पाणबुड्याची शुद्ध हरपली तरी रेग्युलेटर तोंडातून सुटत नाही, घाण पाणी नाका-डोळ्यांत जात नाही आणि बोलता येते, हे या मास्कचे खरे फायदे. तोटा मात्र विक्रेता क्वचितच सांगतो. हवा संपली की सोबत्याचा रेग्युलेटर घेण्यासाठी बहुतेक प्रकारांत अख्खा मास्क काढावा लागतो आणि त्याच क्षणी दिसणेही बंद होते. म्हणून खिशात फक्त डोळे-नाक झाकणारा साधा मास्क हवाच. शोधपथकाकडे त्याशिवाय ३ लिटरचे राखीव सिलिंडर आणि मास्क न काढता हवा बदलणारा व्हॉल्व्ह असावा. हवाही जास्त लागते. २०० बार भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरमधून ५० बार राखून उरलेली १८०० लिटर हवा १० मीटरवर एरवी ४५ मिनिटे पुरते. थोडी गळती आणि बोलणे धरून मिनिटाला २० ऐवजी २५ लिटर, म्हणजे १० मीटरवर ५० लिटर लागले, तर ३६ मिनिटेच.

आता पाण्याखालून बोलण्याचे संवादयंत्र. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, म्हणून बिनतारी यंत्रे श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरी वापरतात; बरीचशी ३२.७६८ किलोहर्ट्झवर चालतात. दोन कंपन्यांची यंत्रे घेणार असाल तर ही वारंवारता आणि साइडबँड (तिच्या वरचा की खालचा पट्टा वापरायचा ते) जुळतात का, आणि माइक आपल्या मास्कमध्ये बसतो का, ते आधी विचारा. मोकळ्या समुद्रात ती छान चालतात. मध्ये खडक आला, सोबत्याने पाठ फिरवली किंवा होडीचे इंजिन चालू राहिले की शब्द तुटतात. उथळ नदीत तळ आणि काठ यांच्यावरून प्रतिध्वनी येऊन एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

त्यामुळे गढूळ पाण्यातल्या शोधासाठी आमचे मत स्पष्ट आहे: तारेचेच यंत्र घ्या. जीवरक्षक दोरातच तार असते. दोन तारांच्या साध्या यंत्रात काठावरचा माणूस बटण दाबून बोलतो आणि बटण सोडले की त्याला पाणबुड्याचा श्वास सतत ऐकू येतो. श्वासाची लय बिघडली की पाणबुडा काही बोलण्याआधीच काठाला कळते. बिनतारी यंत्रात पाणबुडा बटण दाबेपर्यंत हे कळत नाही. दोर जाळ्यात, झुडपांत अडकू शकतो, म्हणून सोबत सुरी हवी. तार तुटली तर दोराच्या झटक्यांच्या खुणाही आधीच ठरलेल्या हव्यात.

मास्कमध्ये आवाज घुमतो. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘बार’ आणि ‘बारा’ सारखेच ऐकू येतात! म्हणून आकडे सुटे सांगावेत: ‘सहा, शून्य’. बिनतारीवर बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलण्याच्या नादात श्वास रोखून वर मात्र कधीही येऊ नये.

बॅटरीच्या झाकणातल्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) वाळूचा एक कण राहिला तरी यंत्रात पाणी शिरते. वापरानंतर सगळे गोड्या पाण्याने धुवावे, माइक वाळवावा, बॅटरी काढून ठेवावी. मास्क अनेकजण वापरत असतील तर आतला भाग दर वेळी निर्जंतुक करावा.

प्रशिक्षकाचा हात धरून पहिली बुडी मारणाऱ्या पर्यटकाला यातले काहीच लागत नाही. साधा मास्क आणि हाताच्या खुणा पुरतात. शोधपथकांसाठी मात्र मास्क आणि संवादयंत्र मिळून माणसामागे खर्च लाखापुढे जातो. अशा खरेदीच्या निविदेत राखीव सिलिंडर, सुटा साधा मास्क आणि तलावातल्या सरावाचे तास यांची नोंद नसेल, तर ती निविदा परत पाठवावी. सरावात डोळे मिटून मास्क काढणे, रेग्युलेटर तोंडात घेणे, साधा मास्क चढवून त्यातले पाणी काढणे, हे सगळे न चाचरता होईपर्यंत कोणालाही नदीत उतरवू नये.

— डायव्हिंग प्रशिक्षक, मालवण