शिक्षणमंत्री साहेब, माझ्या मुलीचा दाखला आणू कुठून?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात सर्वेक्षणवाले आमच्या ओसरीवर आले आणि माझ्या मुलीच्या नावापुढे ‘शाळाबाह्य’ लिहून गेले. ती समोरच बसून कापूस वेचणीच्या बायांचा हिशेब मांडत होती, कोणाचे किती किलो, कोणाला किती उचल. वहीत कोणी डोकावलंसुद्धा नाही. आधार नंबर तेवढा मागितला.

साहेब, गावची जिल्हा परिषद शाळा आम्ही नाही घालवली. पट कमी म्हणून तुम्ही घालवली. (बंद म्हणायचं नसतं, समायोजन म्हणायचं असतं, माफ करा.) पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा तुमच्याच नियमातला आकडा. आमची आता चार किलोमीटरवर, मधे नाला. पूर आला की मास्तरच नाला ओलांडत नाहीत, मग लेकराला कोणाच्या भरवशावर पाठवावं? गाडीभाडं देऊ म्हणाले होते. त्यातला रुपया दिसला नाही.

म्हणून घरी शिकवतो. बायको डी.एड., टीईटी पास, शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर नोंदलेली. त्या पोर्टलाचं पुण्य अजून आमच्या दारी पोचायचं आहे. बालभारतीची पुस्तकं, सकाळचं वेळापत्रक, शनिवारी चाचणी, अशी तिची रीत शाळेचीच. माझ्या साडभावाकडे ना तास ना विषय. त्याचा दहा वर्षांचा पोट्टा काट्यावर उभा राहतो. परवा व्यापाऱ्यानं क्विंटलमागे दोन किलो कट लावला. साडेसात क्विंटलला पंधरा किलो गेले, सत्तरच्या भावानं एक हजार पन्नास बुडाले, हे पोट्ट्यानं तोंडी सांगितलं, व्यापारी अजून मोबाईल चाचपत होता. पण त्याच पोट्ट्याला मराठीचं एक पान धड लिहिता येत नाही, हे मी साडभावाला तोंडावर सांगतो. मुलाला त्याच्या कलानं शिकू द्या, हे शहरात शोभतं. तिथं घरात पुस्तकांची कपाटं असतात, आमच्या घरात कपाशीची गंजी. म्हणून आता दोन्ही घरची लेकरं सकाळी बायकोपाशी आणि दुपारी वावरात असतात.

हे आम्ही शोधलेलं नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात परिषद भरवली. सात वर्षं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं आणि हातांच्या कामाभोवती गुंफलेलं शिक्षण, असं तिथं ठरलं. त्याच वर्ध्याच्या नावाच्या नदीकाठी आज सूत सोडा, कापसाचा हिशेब करणारी पोरगी शाळाबाह्य ठरते!

तालुक्याचे अधिकारी भर ग्रामसभेत म्हणाले होते, “मुक्त विद्यालय मंडळातून पाचवीला बसवा, मी पाहतो.” शाळेत न जाता परीक्षा देता येते, ते हे मंडळ. मुलीला दहा वर्षं पूर्ण झाली. गेलो तर म्हणे आधीच्या शाळेचा दाखला आणा. कोणत्या शाळेचा? कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि दाखला मी आणायचा? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं, दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळेनं प्रवेश अडवू नये. शाळेला जे लागू, ते परीक्षेला लागू करायला कोणाची परवानगी लागते? घरी शिकवू नका असं त्या कायद्यात मला कुठं दिसलं नाही, शिकवा असंही नाही. त्या फटीत आमच्यासारखे अडकले.

वीसच्या आतल्या पटाच्या शाळा राज्यात चौदा-पंधरा हजार, असं 2023 मध्ये पेपरात आलं होतं. थोडं इकडेतिकडे असेल, खरा आकडा तुमच्या टेबलावर असेलच. त्या सगळ्या समायोजित केल्या तर किती लेकरं नाल्याकाठी उभी राहतील, याचंही एक सर्वेक्षण काढा. अन् नुसतं शाळेचंच काय? हमीभाव कागदावर, ओलिताचं पाणी कागदावर, दवाखान्यात डॉक्टर कागदावर. 1953 च्या नागपूर करारातलं विधिमंडळाचं नागपूरचं अधिवेशन तेवढं भरतं, तेही हुरडा खाऊन परतण्यापुरतं. कास्तकारानं मरायचं, मग त्याच्या विधवेला कागद गोळा करायला लावायचे, ही तुमची जुनीच रीत. आता ती दहा वर्षांच्या पोरीलाही लावली.

मला अनुदान नको. एक जीआर काढा की घरी शिकलेल्या मुलाला पालकाच्या लेखी हमीवर पाचवी-आठवीच्या परीक्षेला बसता येईल, आणि परीक्षेचं केंद्र तालुक्याला द्या. नावापुढचा तो शेरा खोडायलाही सांगा. उत्तर लेखी पाठवा, तोंडी आश्वासनं आम्ही आता घेत नाही.

आपला,
एक कास्तकार बाप