विषय: ‘बाग निरोगी’ असा अहवाल दिलात, आणि सफरचंदाच्या पानांमागे स्कॅब (बुरशीचा रोग) निघाला

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आज तुमच्या माणसाशी पाचव्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, म्हणून लिहितोय.

कळ्या फुटल्या त्या आठवड्यात दोन दिवस झड लागली होती. पानांवरून पाणी निथळत होतं आणि तुमचा सेन्सर ‘ओलावा 0 तास’ दाखवत होता. 10 अंशांच्या आसपास पान सलग 14 तास ओलं राहिलं की स्कॅबचा संसर्ग होतो, हे तुमच्याच ॲपमध्ये लिहिलंय. संसर्गानंतर दोन-तीन दिवसांत फवारणी झाली तर उपयोग. इशारा आलाच नाही, ते दिवस गेले.

अडीच आठवड्यांनी ड्रोनची पाहणी झाली. अहवाल: ‘बाग निरोगी’. त्याच संध्याकाळी मी ओळीओळीने फिरलो. पान उलटलं की मागे मळकट हिरवे, मखमलीसारखे डाग. कळी फुटताना पानाची खालची बाजूच आधी उघडी पडते, म्हणून पहिले डाग बहुधा तिथेच येतात. वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याला ते दिसणार कसे?

हेच आज सांगितलं. उत्तर आलं, “सर, धूळ असेल.” म्हटलं, धूळ पुसली जाते, हे जात नाही. “सिस्टिममध्ये तुमची बाग हिरवी दिसतेय, सर.” म्हटलं, मी झाडाखाली उभा आहे, पान माझ्या हातात आहे. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “मग एखाद्या जाणकाराला दाखवा ना.” अहो, वर्षभराचे पैसे मी त्यासाठीच तुम्हाला भरलेत! वर, पुढची पाहणी दहा दिवसांनी. तोवर पाऊस झाला तर याच डागांतले बीजाणू शेजारच्या पानांवर आणि कोवळ्या फळांवर जातील.

गेल्या हंगामाअखेर गळालेली पानं मी स्वतः गोळा केली, कारण बुरशी त्यांतच हिवाळा काढते. माझ्याकडून कसूर नव्हती. सेन्सर 0 दाखवत होता, हे पुन्हा लिहितोय, कारण पाचही फोनमध्ये त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

सेन्सर बदला. त्या दोन दिवसांच्या नोंदी द्या. पानं उलटून बघणारा माणूस चार दिवसांत बागेत पाठवा आणि या हंगामाचे पैसे परत करा. नाहीतर फोटो आणि तुमचा अहवाल घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. ज्या बागायतदारांना मीच तुमचं नाव सुचवलं होतं, त्यांना आजच कळवतोय की पानं स्वतः उलटून बघा.

तुमचा ग्राहक