दर्या आणि दऱ्या: सरांच्या फाइली परत आणणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

सरांच्या विज्ञानलेखांच्या फाइली जुन्या फॉन्टमधून युनिकोड या आजच्या, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत होऊन तुमच्याकडून परत आल्याला आठवडा झाला. फोनवर आभार मानले, पण ते अपुरे पडले असं आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना वाटत राहिलं. तुम्ही केलंत ते काम नेमकं काय होतं, हे चार लोकांना कळायला हवं. म्हणून हे उघड पत्र. जुन्या फॉन्टमधल्या अशा फाइली अजून कितीतरी कपाटांत, छापखान्यांत आणि मंडळांच्या संगणकांवर पडून आहेत. त्या ज्यांच्या हाती आहेत त्यांनीही हे वाचावं.

परत आलेल्या फाइलींपैकी आम्ही पहिली उघडली ती मंगळावरच्या लेखाची. तिसऱ्या परिच्छेदात एका शब्दावर पिवळा रंग होता: ‘दर्या’. समासात तुमची टीप होती: ‘इथे दऱ्या हवं असं वाटतं. पण मूळ फाइलीत रफार आहे, आणि लेखात पुढे जुन्या पाण्याचाही उल्लेख आहे. म्हणून बदललेलं नाही. तुम्ही ठरवा.’

ती टीप वाचून आम्ही सगळे गप्प झालो. व्हॅलेस मरिनेरिस ही मंगळावरच्या दऱ्यांची रांग ४,००० किलोमीटरहून लांब आहे आणि काही ठिकाणी ७ किलोमीटरपर्यंत खोल. सर तिच्याबद्दलच लिहीत होते. रफार दिला की तिथे समुद्र होतो. तुम्हाला हे समजलं होतं, दुरुस्त करणं एका कळीचं काम होतं, तरी तुम्ही थांबलात. सर आता विचारायला नाहीत, म्हणून त्यांच्या वाक्याला हात लावण्याआधी तुम्ही आम्हाला विचारलंत. अशा ४१ जागा तुम्ही पिवळ्या करून ठेवल्या होत्या. सगळ्या कामात आम्हाला सर्वांत मोठी वाटली ती ही गोष्ट.

तिचं मोल कळायला, हेच काम आम्ही आधी ज्या दोन ठिकाणी दिलं होतं तिथे काय झालं ते सांगावं लागेल. नावं घेत नाही. पण राग अजून गेलेला नाही.

सरांच्या फाइली कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं. त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवायचं काम फॉन्ट करतो. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवच्या फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. फॉन्ट काढून घेतला की तेवढंच उरतं. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. संगणकात अक्षरं साठवायचं इस्की हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ची, पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून, र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगल फॉन्टसकट. पेजमेकरसारख्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला तर ती कधीच मिळाली नाही. तोवर लिहिणाऱ्यांनी जे हाताशी होतं त्यात लिहिलं, आणि सरांनी भरपूर लिहिलं.

पहिल्या ठिकाणी ‘तासाभराचं काम’ म्हणाले. त्यांनी वर्डच्या फाइली सरळ साध्या टेक्स्टमध्ये जतन केल्या आणि त्यावर फुकट मिळणारा कन्व्हर्टर चालवला. नुकसान तिथेच झालं. वर्डच्या फाइलीत मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टचं नाव असतं. साध्या टेक्स्टमध्ये ते पुसलं जातं. मग कुठलं इंग्रजी अक्षर खरंच इंग्रजी आणि कुठलं कृतिदेवचं, हे कुणालाच कळत नाही. सरांनी रोमन लिपीत लिहिलेल्या ‘डीएनए’ची तीन अक्षरं ‘क्छ।’ होऊन आली, कारण कृतिदेवमध्ये मोठा डी म्हणजे अर्धा क, मोठा एन म्हणजे छ आणि मोठा ए म्हणजे दंड. याहून वाईट आकड्यांचं झालं. कृतिदेवमध्ये देवनागरी आकडे आडबाजूच्या जागांवर बसवलेले आहेत. ३ हा आकडा तर इंग्रजीतल्या तीन टिंबांच्या चिन्हाच्या जागी आहे. टेक्स्ट जतन करताना साध्या १२८ चिन्हांत न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह आलं, आणि कृतिदेवमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे अर्धा घ. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, या वाक्यातला ३ जाऊन तिथे ‘घ्’ उभा राहिला. सांगायला गेलो तर ‘एवढं चालतं, वाचणाऱ्याला कळतं’ असं उत्तर मिळालं. आकडा एकदा प्रश्नचिन्ह झाला की तो २ होता की ७, हे कुणाला कसं कळणार?

दुसऱ्या ठिकाणी आकडे वाचले, पण ‘र’चा बळी गेला. मराठीत ‘र’ला ‘य’ जोडायच्या दोन रीती आहेत. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ यांत रफार वर जातो. ‘तारा’चं ‘ताऱ्याचा’ होतं, ‘वारा’चं ‘वाऱ्याचा’, ‘पारा’चं ‘पाऱ्याचा’, तेव्हा तो ‘य’च्या डावीकडे आडव्या रेघेसारखा येतो. हिंदीला या आडव्या ‘र’ची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर त्याला ओळखत नाहीत. विज्ञानाचा लेख मात्र त्याच्याविना चार ओळी चालत नाही. ताऱ्यांचं तापमान, वाऱ्याचा वेग, पाऱ्याचा स्तंभ, भोवती फिरणाऱ्या उपग्रहांची कक्षा. त्यांनी सगळीकडे रफार दिला होता. आम्ही चूक दाखवली तेव्हा त्यांनी ‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ घातला. पाच मिनिटांत ‘तार्यांचा’चं ‘ताऱ्यांचा’ झालं आणि त्याच पाच मिनिटांत प्रत्येक ‘सूर्य’ ‘सूऱ्य’ झाला. खगोलशास्त्राच्या लेखांत सूर्य किती वेळा येतो हे सांगायला नको. बिल मात्र पूर्ण घेतलं.

आता तुमच्या कामाबद्दल. मूळ फाइलींची प्रत वेगळी काढून त्यांना तुम्ही शेवटपर्यंत हात लावला नाहीत. प्रत्येक फाइल जुन्या फॉन्टसकट उघडून आधी तिची पीडीएफ केलीत, म्हणजे सरांनी पडद्यावर काय पाहिलं होतं ते कायमचं पकडून ठेवलंत. पुढची सगळी तपासणी त्या पीडीएफशी ताडून. फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवलीत. हे फार थोडे लोक करतात. फॉन्ट हरवला तर जुनी फाइल ही नुसती अक्षरांची रास आहे. जुनी फाइल उघडण्याआधी वर्डमधली आपोआप दुरुस्ती बंद करायची ही तुमची सूचनाही आम्ही भिंतीवर लावली आहे. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय चालू असेल आणि कुणी मध्येच दोन शब्द टंकले, तर कृतिदेवमधल्या छोट्या डीचा मोठा डी होतो आणि ‘क’चा पाय मोडतो.

रूपांतर तुम्ही वर्डच्या फाइलीतच केलंत, फक्त कृतिदेवची खूण असलेल्या तुकड्यांवर. त्यामुळे रासायनिक सूत्रं, एककं आणि शास्त्रज्ञांची रोमन नावं जशीच्या तशी राहिली. आणि क्रम सांभाळलात. कृतिदेवमध्ये ‘के’ची कळ म्हणजे काना, पण तीच कळ ख, घ, भ, श यांची उभी रेघही पुरी करते. लांब जोड्या आधी बदलायच्या, एकेकटी अक्षरं नंतर; हा क्रम उलटला की प्रत्येक ‘ख’च्या जागी पायमोडका ‘ख्’ आणि त्याच्या पुढे सुटा काना येतो.

पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवायची. ‘कि’ला एक घर उडी पुरते. ‘स्थिती’मध्ये तिला अख्खं ‘स्थ’ ओलांडावं लागतं. एकच घर सरकवली तर वेलांटी ‘स’ला चिकटते, पायमोडका लोंबकळतो आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. रफाराचं उलटं आहे. ‘ऊर्जा’ लिहिताना तो ‘जा’च्या नंतर टंकलेला असतो, आणि युनिकोडमध्ये त्याला काना ओलांडून ‘ज’च्या आधी आणावं लागतं. ‘कार्यकर्त्यांनी’सारख्या शब्दात अनुस्वार, काना आणि जोडाक्षर एवढं सगळं मागे टाकून. तुमच्या फाइलींत असा एकही शब्द तुटलेला सापडला नाही. वेलांटीने सुरू होणारे शब्द, लागोपाठ आलेले दोन काने, एकावर एक बसलेले दोन अनुस्वार (जुन्या फॉन्टमध्ये ते डोळ्यांना एकच दिसतात) हे सगळं तुम्ही आधीच शोधून साफ केलं होतं.

आडव्या ‘र’साठी तुम्ही लावलेली कसोटी इतकी साधी होती की ती आधी कुणाला का सुचली नाही याचं वाईट वाटतं. शब्दातलं ‘र्या’ काढून तिथे ‘रा’ किंवा ‘री’ घालायचं. मराठी शब्द झाला तर र आडवा. ताऱ्याचा तारा होतो, नोकऱ्यांची नोकरी होते, फिरणाऱ्याचा फिरणारा होतो. सूर्याचा ‘सूरा’ होत नाही. ‘ह’साठी वेगळी यादी हाताने केलीत: ऱ्हास, ऱ्हस्व, तऱ्हा, गुऱ्हाळ एकीकडे, अर्हता दुसरीकडे. आणि कसोटीची दोन्ही उत्तरं बरोबर येतील अशा शब्दांवर तुम्ही पिवळा रंग टाकलात.

आणखी एक काम तुम्ही न सांगता केलंत. आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी येतो: यू+०९३१ या ‘ऱ’ला पायमोडका देऊन, नाहीतर साधा र, पायमोडका आणि यू+२००डी हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) ‘र’ आणि नुक्ता म्हणजे खालचं टिंब यांचा एक ‘ऱ’ करतं, पण या दोन प्रकारांना एकत्र आणत नाही. ते हातानेच करावं लागतं. ‘ॲ’चंही तेच. हे अक्षर यू+०९७२ वर २००८मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीचे कन्व्हर्टर ‘अ’वर चंद्र ठेवून मोकळे होतात. तुम्ही सगळीकडे एकच ‘ॲ’ आणि एकच ‘ऱ’ ठेवलात. काल एका मुलीने सगळ्या लेखांत ‘ॲल्युमिनियम’ शोधलं आणि सरांनी तो शब्द जिथे जिथे लिहिला होता ती प्रत्येक जागा तिला मिळाली. सरांच्या लेखांत कुणी काही शोधू शकतं, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

काम येणारी माणसं पुष्कळ आहेत. जिथे खात्री नाही तिथे हात आखडणारी आणि तसं लिहून ठेवणारी थोडी. पिवळ्या खुणा न करता तुम्ही फाइली दिल्या असत्या तर आम्हाला काही कळलं नसतं, उलट काम झटकन झालं म्हणून आम्ही खूश झालो असतो. न दिसणाऱ्या जागी कुणी इतकं प्रामाणिक राहतं तेव्हा त्या माणसावर आपल्या गेलेल्या माणसाचं लिखाण निर्धास्त सोपवता येतं. तुम्ही सरांना कधी भेटला नव्हता. त्यांच्या शब्दांशी मात्र त्यांच्या विद्यार्थ्यासारख्या वागलात.

आता तुमच्या ४१ शब्दांबद्दल. ४० आम्ही बसून ठरवले, यादी सोबत आहे. मंगळावर दऱ्याच आहेत. राहिला होता तो प्रेशर कुकरवरच्या लेखातला. भांड्यातली वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते, हे समजावताना सरांनी लिहिलं होतं: ‘झाकणावर वजन ठेवायची युक्ती जुन्या आचार्यांनी आधीच ओळखली होती.’ तुमची टीप होती: ‘गुरू की स्वयंपाकी? दोन्ही चालतं.’ आम्हीही दोन दिवस अडलो. शेवटी सरांच्या घरून त्या लेखाची वही मिळाली. निळ्या शाईत आधी ‘स्वयंपाक्यांनी’ लिहिलेलं आहे, ते खोडून वर ‘आचाऱ्यांनी’. र आडवा आहे, आणि सरांनी तो जरा जास्तच लांब ओढला आहे. तेवढा पिवळा रंग काढून टाका.

आपले,
सरांचे विद्यार्थी