पणजोबांची व्ही. पी.

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार. मागच्या खेपेला तू आलास तेव्हा टेबलावर जुन्या वृत्तपत्रांच्या झेरॉक्स पडल्या होत्या. त्यातली धातुपौष्टिक गोळ्यांची जाहिरात तू नाटकी आवाजात वाचलीस आणि इतका हसलास की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. निघताना म्हणालास, "काय भोळसट होते रे आपले पूर्वज!" तेव्हा मी गप्प बसलो. डॉक्टर माणसाशी औषधावरून वाद घालायला अंगात बळ लागतं. पण आता मला पुरावा सापडलाय, आणि तो घरातलाच आहे.

गावचं घर विकायचं ठरल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली. त्यात पणजोबांची एक वही निघाली, 1908 ते 1914 सालची, सगळी मोडीत. दोन वर्षांपूर्वी हौस म्हणून मोडीचा वर्ग केला होता, त्याचे पैसे आत्ता वसूल झाले. पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडगावी शाळामास्तर होते हे तुला माहीत आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गावचं पोस्टही मास्तरांच्याच गळ्यात. महिन्याला चार-दोन रुपये जास्तीचे, आणि त्यापायी शाळेच्या पडवीत वजनकाटा, शिक्के आणि कुलपाची पेटी. हरकारा थैली आणायचा, मास्तर वाटप करायचे. सरकारी नोंदी सरकारी वहीत जायच्या. ही वही मात्र खासगी. गावात कुणाची काय व्ही. पी. आली, याची ती जंत्री आहे. कशाला लिहून ठेवली देव जाणे. गंमत वाटत असावी.

व्ही. पी., म्हणजे ‘व्हॅल्यू पेएबल’ पार्सल, काय असायचं हे आपल्या मुलांना समजावून सांगावं लागेल. 1877 साली इंग्रज सरकारच्या टपालखात्यानं ही सोय काढली. माल पोस्टानं यायचा, पैसे पोस्टात भरायचे, मगच पार्सल हातात. ते पैसे मनिऑर्डरनं दुकानदाराला पोचते व्हायचे. मनिऑर्डर 1880 ची, आणि त्याच्या आदल्या वर्षी एका पैशाचं पोस्टकार्ड आलेलं. या तीन गोष्टी जमल्या आणि मुंबई-कलकत्त्याचं दुकान थेट आपल्या पडवीत आलं. कार्डावर चार ओळी लिहायच्या, की काम झालं. जाहिरातीखाली ‘ट. ख. निराळा’ एवढं छापलेलं असायचंच. त्या टपालखर्चानं किती जणांचा हिशेब चुकवला असेल!

यात एक मेख होती. पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता यायचं नाही, आणि फोडल्यावर पोस्ट हात वर करायचं. पण घेणाऱ्याच्या हातीही एक हत्यार होतं. त्यानं ‘नको’ म्हटलं की पार्सल आल्या वाटेनं परत, जाण्यायेण्याचा भुर्दंड दुकानदाराला. म्हणून कित्येक दुकानदार थोडे पैसे आगाऊ मागत. ही मेख लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे.

आता जंत्री. लाहोरची अमृतधारा, मथुरेचं सुधासिंधू, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मुंबईहून डॉ. बाटलीवाल्यांचं हिवतापाचं मिक्स्चर, गिरगावातल्या डोंगऱ्यांचं बालामृत, कामिनिया ऑईल. नकाशा समोर धर म्हणजे कळेल. ज्या गावाला धड गाडीरस्ता नव्हता, त्या गावाच्या फडताळात लाहोरपासून काठेवाडापर्यंतचा मुलूख बाटल्यांतून येऊन बसला होता. आणि घेणारे कोण? खोत आहेत, भटजी आहेत, पण दोन भंडारी आहेत, एक दर्यावर्दी मुसलमान तांडेल आहे, आणि ‘सोनारीण, नवऱ्यास न कळविता’ अशीही एक नोंद आहे. वैद्याच्या ओसरीवर ज्याला खालीच उभं राहावं लागलं असतं, त्याचीही बाटली त्याच पोस्टातून, त्याच दरानं यायची. जामनगरवाले तर फुकट पुस्तक पाठवायचे. गावात वाचता येणारे मोजके, पण पुस्तक फुकट म्हटल्यावर मागवणारे बरेच. आणि लाजेच्या दुखण्यांबाबत ‘पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल’ हे आश्वासन. गुप्त कसलं? मास्तरांनी सगळं मोडीत उतरवून ठेवलंय, आणि शंभर वर्षांनी मी वाचतोय. (नावं तुलाही सांगणार नाही.)

तू म्हणशील, औषधात काय होतं ते बोल. बोलतो. अमृतधारा म्हणजे कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल. तिन्ही एकत्र केली की आपोआप पातळ होतात. तुझी आई तेच घरी करायची आणि आपल्याला पोटदुखीला बत्ताशावर द्यायची, आठवतं? साहेबाचं क्लोरोडाइन बघ. ते काढलं कॉलिस ब्राउन नावाच्या, हिंदुस्थानात नोकरी केलेल्या लष्करी डॉक्टरनं. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचेच, न थांबून सांगतात कुणाला. आणि विलायतेत घरोघरी खपणाऱ्या बीचमच्या गोळ्या! 1909 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं असल्या गुप्त औषधांचं पृथक्करण छापलं, त्यात निघालं कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. 56 गोळ्यांच्या डबीत घातलेल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे तेव्हाच्या हुंडणावळीनं आपला अर्धा पैसा. डबी विकायची 1 शिलिंग दीड पेनीला, म्हणजे साडेतेरा आण्यांना. ‘एका गिनीच्या (म्हणजे एकवीस शिलिंगांच्या) मोलाची डबी’ हे तिचं ब्रीद. तेव्हा भोळसटपणाचा मक्ता काही आपल्याच पूर्वजांकडे नव्हता.

एक मात्र तुझं खरं. वर्तमानपत्रांनी या धंद्यावर पोट भरलं. टिळक मंडालेला होते त्या वर्षांतही वर राजकारण आणि खाली नपुंसकत्वावर रामबाण इलाज, हा शेजार काही सुटला नाही. छापलेलं ते खरं असं मानणाऱ्या माणसानं दोन रकान्यांतला फरक कसा ओळखावा? उलटंही घडलं. मुंबईत 1893 साली नागेश्वरराव नावाच्या तेलुगू गृहस्थांनी अमृतांजन काढलं, गाण्याच्या जलशांत फुकट वाटून ते लोकांच्या कपाळी लावलं, आणि त्याच पैशातून 1908 साली ‘आंध्र पत्रिका’ नावाचं साप्ताहिक मुंबईतूनच सुरू केलं. डोकेदुखीच्या पैशावर वर्तमानपत्र चालवायचं, यात मला तरी सुसंगती दिसते.

घरगुती मालाचं थोडक्यात सांगतो, कारण वहीतही तो थोडाच आहे. सुऱ्या, कात्र्या, कंदिलाच्या काचा, रविवर्म्याच्या छापखान्यातल्या तसबिरी, एक हार्मोनियम (खोतांकडे, वाजवणारं कुणी नाही). मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स 1891 सालीच उघडलं होतं, पण त्याचे जाडजूड कॅटलॉग साहेबांच्या बंगल्यांवर जायचे, आमच्या पडवीत नाही. फसवणुकीची मात्र एक झकास नोंद आहे. एका कंपनीचं ‘जर्मन घड्याळ’ पणजोबांनी स्वतः मागवलं. पुढची ओळ: ‘काटे रंगविलेले आहेत.’ बस्स. कंपनीचं नावसुद्धा लिहिलं नाही, शिवी तर नाहीच. ढेकूण मारायच्या यंत्राची गोष्ट आपण दोघांनी ऐकलीय, पार्सलात दोन दगड आणि ‘ढेकूण पकडून यामध्ये ठेवावा’ अशी चिठ्ठी. ती मी दंतकथा समजत होतो. या घड्याळानंतर जरा डळमळलोय.

आता तुझ्या ‘भोळसट’वर येतो. आमच्या गावाहून जवळचा सरकारी दवाखाना दिवसभराच्या चालीवर, तोही पावसाळ्यात खाडीपलीकडे. सरकारलाही पोस्टाशिवाय दुसरी वाट दिसत नव्हती, म्हणून तर 1892 पासून बंगालात क्विनीनच्या पुड्या पोस्टातून विकायला लागले, पैशाला पुडी. औषधांवर कायदा आला 1940 साली, आणि चमत्कारी इलाजांच्या जाहिरातींना आळा घालणारा 1954 साली, तो तुला पाठच असेल. म्हणजे वहीतल्या माणसांना खरं-खोटं निवडून देणारं कुणीच नव्हतं. त्यांच्यापाशी होतं एक पैशाचं कार्ड आणि उलट टपाली कुणीतरी उत्तर देतं एवढा अनुभव. सोनारणीनं नवऱ्याला न सांगता लिहिलं ते काठेवाडच्या अनोळखी वैद्याला. गावात तिचं कोण ऐकणार होतं? मी तिला भोळी म्हणायला तयार नाही.

वहीतलं एक पान तुला सांगावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो. 1911 चा श्रावण. ‘चि. बाळास औषध, व्ही. पी. ने लिहिले.’ कुठे लिहिलं ते नाही. त्याखाली अकरा दिवसांनी फक्त तिथी आणि ‘चि. बाळ गेले.’ मग चार दिवस कुणाचीच काही नोंद नाही. पाचव्या दिवशी थैली आली असावी. नोंद अशी: ‘औषध आले. पैसे भरले. 1 रु. 5 आ.’

मगाचची मेख आठव. त्यांना नाकारता आली असती. परत करायचा शेराही त्यांनी स्वतःच लिहायचा होता, शिक्काही त्यांच्याच हाताशी. एक दमडी लागली नसती. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या कनवटीचे पैसे काढून, समोरच्याच सरकारी पेटीत टाकून, पार्सल स्वतःच्याच हातून घेतलं. पंचवीस-एक वेळा वाचलं असेल. आजीला (त्यांच्या सुनेला) यातलं काही माहीत होतं की काय, विचारायला आता ती नाही.

ट्रंकेच्या तळाशी एक चपटी बाटली आहे, बूच लाखेनं बंद, कागद झडलेला. तीच असेल असं मी म्हणत नाही. तळाला तपकिरी रस वाळून बसलाय. दिवाळीत येशील तेव्हा दाखवीन. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून देतोस का, असं विचारणार होतो, पण लिहिता लिहिता विचार बदलला. लाख फोडायची नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तू दिलेलं मलम लावतोय, फरक नाही.

तुझा,
अरविंद