वरच्या मजल्यावरच्या खालांना

खाला, सलाम.

तुम्हाला बोललेलं मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून हे पत्र मी वर येऊन वाचून दाखवणारच आहे. पण आधी ते सगळ्यांसमोर लिहायचं होतं. डिसेंबरातल्या त्या रात्री तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते जिन्यात उभ्याउभ्या 'शुक्रिया' म्हणून फिटणारं नाही.

बाबा दवाखान्यातून घरी येऊन दहा दिवस झाले होते. अन्नावरची वासनाच उडाली होती. दोन घास खाऊन ताट सारायचे. त्या संध्याकाळी शाल लपेटून बसले होते, आणि एकदम म्हणाले, "खुबानी का मीठा मिळेल का गं? गरम." १९६४ साली ते नांदेडहून इथे हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नात दस्तरखानावर बसून त्यांनी हा जर्दाळूचा गोड पदार्थ पहिल्यांदा खाल्ला होता. हे मला त्या दिवशी कळलं.

मी धावत जाऊन जर्दाळू आणले. छान नारिंगी, मऊ, बिया काढलेले. साखर घालून कुकरला लावले. आंबट आणि चिवट असं काहीतरी झालं. बाबांनी चमचा तोंडाला लावला आणि काही न बोलता वाटी खाली ठेवली. त्यांचं ते न बोलणं मला सोसवेना. रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरी मी तुमचं दार वाजवलं.

तुम्ही वाटी हुंगलीत, चव घेतलीत आणि म्हणालात, "रोना नक्को बेटा. ये वो खुबानीच नै." परक्या शहरात तुमच्या तोंडून आमचा 'नको' आणि आमचा 'च' ऐकून मला आणखीच रडू आलं, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

मग तुम्ही डबा उघडलात. बेगमबाजारातून आणलेले तपकिरी, सुरकुतलेले, सुपारीसारखे टणक अख्खे जर्दाळू. नारिंगी रंग टिकतो तो गंधकाच्या धुरीमुळे आणि त्यांत बी नसते, हे तुम्ही समजावलंत. अर्धा किलो मोजून दिलेत. कोमट पाण्यात दोनदा धुऊन, बोटभर वर पाणी ठेवून रात्रभर भिजवायला लावलेत. "पाणी फेकू नक्को" हे तीनदा बजावलंत. बरं झालं, कारण सकाळी ते पाणी मधासारखं झालं होतं, आणि मी ते नक्कीच ओतून दिलं असतं.

फजरची नमाज आटोपून तुम्ही गुडघे धरत दोन मजले खाली उतरलात. जर्दाळू फुगून दुप्पट झाले होते. बिया काढल्या, गर त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवला. साखर मात्र तुम्ही हातात धरून बसलात. साखर आधी पडली की फळ आखडतं, मऊ होत नाही. माझं आदल्या दिवशी तेच झालं होतं. पाऊण तास गेला. अर्धे जर्दाळू डावाने चेपले, अर्धे तसेच राहू दिले, मग जेमतेम वाटीभर साखर आणि लिंबाचे चार थेंब. तोवर रंग गडद, काकवीसारखा आला होता आणि स्वयंपाकघरात उभं राहिलं तरी ऊब वाटत होती.

बियांचं काम मला सगळ्यांत आवडलं. बत्त्याने एकेक कवच हलकेच फोडायचं, आतला गर गरम पाण्यात टाकून साल काढायची. थेट बदाम! प्रत्येक बीचा कण जिभेवर लावून पाहायला तुम्ही शिकवलंत. कडू निघाली की टाकून द्यायची, कडू बीत विष असतं. आजारी माणसासाठी करतोय म्हणून तुम्ही एकही बी न चाखता सोडली नाहीत.

बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या. वाफाळता मीठा आणि त्यावर थंड, जाड साय. वरची बी त्यांनी बोटांनी उचलली, डोळे मिटून चावली आणि तुम्हाला म्हणाले, "आपा, यहीच था." मग तासभर तुम्ही दोघं दख्खनीत, इथल्या उर्दूत, बोलत होतात. त्यांना ती भाषा इतकी सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. दुपारी त्यांनी आपणहून वरण-भात मागितला.

आता ते जिना उतरून फाटकापर्यंत जातात. परवा विचारत होते, आपांचे गुडघे कसे आहेत?

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. भरलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं आमच्यात. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोण्याचा गोळा आणि लेकुरवाळी भाजी घेऊन आम्ही दोघं वर येतोय. बाबा म्हणतात, दोन मजले चढता येतील. तुम्ही खाली उतरू नका.

तुमची,
खालच्या घरातली बेटी

(आणि हो, त्या दिवशी उरलेल्या बिया मी बरणीत जपून ठेवल्यात. पुढच्या वेळी फोडताना मात्र तुम्ही नुसतं शेजारी बसायचं.)